तिसरी वही

सांवेर रोडच्या आमच्या शेडमध्ये
हजेरीच्या दोन वह्या आहेत. दोन्ही माझ्याच अक्षरात.
एक खरी. एक पाहुण्यांसाठी,
तिच्यात आठ तासांच्या वर कुणी थांबत नाही,
रविवारी सगळे घरी असतात,
सह्या इतक्या नीट की
मलाच कधीकधी तिथं नोकरी करावीशी वाटते.

पाहुण्या या खेपेला कुरियन मॅडम.
आदल्या दिवशी आगीच्या बादल्यांत नवी वाळू पडली,
संडासाला कडी लागली (मार्चपासून मागत होतो),
भैयाजी म्हणाले, टोणपेताई, कागद तेवढे चोख ठेवा.
सकाळी पोहे आले, वर जिरावन, शेजारी जिलबी.
मॅडमनी फक्त पाणी घेतलं,
तेही स्वतःच्या बाटलीतलं.

कापड कुठलं? — भिलवाड्याचं. बिल आहे.
शिलाई? — इथेच, बघा ना, बेचाळीस मशिनी.
बटणं?
— इथेच.

त्यांनी ढिगातून एक फ्रॉक उचलला,
दोन वर्षांच्या मुलीचा, लिंबाच्या रंगाचा,
पाठीवर सहा बटणं, बोराच्या बीएवढी.
उलटा केला. आणि नाकाशी नेला.
"तुमच्याकडे स्वयंपाकघर नाही ना?
मग याला लसणाच्या फोडणीचा वास कसा?"

भैयाजी हसले. मी नाही.
मला तो वास घरासकट माहीत होता.
बाणगंगेला, सार्वजनिक नळाच्या मागे, तिसरी खोली,
रामकन्या खाटेच्या पायाशी गठ्ठा सोडते,
शेगडीवर डाळ, मांडीवर फ्रॉक,
सहा बटणांचा सव्वा रुपया,
डाग पडला तर अख्ख्या फ्रॉकचे पैसे तिच्यावर.
तिची टीना सुईत दोरा ओवून देते.
नऊ वर्षांचे डोळे, एका दमात ओवतात.

भैयाजींना तिचं नाव ठाऊक नाही, त्यांना ठेकेदार ठाऊक.
ठेकेदाराला खोली ठाऊक.
आणि ज्या दुकानात हा फ्रॉक टांगला जाईल
तिथल्यांना आमची शेड म्हणजे कागदावरचं एक टिंब.

मला बोलता आलं असतं.
पण गेल्या साली पोलोग्राउंडच्या एका युनिटात कुणी बोललं,
आणि कंपनीचं पत्र आलं: आम्ही असलं खपवून घेत नाही.
ऑर्डर गेली. कंपनी हात धुऊन निर्मळ.
साठ बायका ऐन दिवाळीच्या तोंडावर
रिकाम्या सुया घेऊन बसल्या.

माझ्या पिशवीत, डब्याखाली, एक तिसरी वही असते.
शाळेची, मागे पाढे छापलेली.
रामकन्याला लिहिता येत नाही, म्हणून मी लिहिते:
तारीख, नग, मिळाले, कापले, बाकी.
ठेकेदाराशी भांडताना तिला लागते.
का लिहिते, ते मला नीट सांगता येणार नाही.
दिवसभर खोटं लिहून
हात आखडतो, असं समजा.

फोन आला म्हणून भैयाजी बाहेर गेले.
मी वही टेबलावर ठेवली, वर तळहात.
म्हटलं, देते. पण तुमच्या कागदावर आधी लिहा,
काम काढून घ्यायचं नाही. दर वाढवायचा.
वाढलेला दर दुकानानं सोसायचा, ठेकेदारानं नाही,
नाहीतर तो तिच्याकडूनच वसूल करेल.
पोरगी शाळेत. सुई आईकडे.

त्यांनी फॉर्म वरपासून खालपर्यंत पाहिला.
पान उलटलं. पुन्हा पाहिला.
"असा रकाना नाही यात," म्हणाल्या,
ओशाळून, जरा हळूच.

मी खणातून पट्टी काढली.
रकाने आखण्याखेरीज
सव्वीस वर्षं
मी दुसरं केलंय काय.